सहाव्या आणि दहाव्या फ्रेटमधली चार घरं

मला गिटार वाजवता येत नाही. सूर लागला की चुकला हेही मला कानाने कळत नाही. घाटकोपरला आमच्या इमारतीत गणपतीची आरती सुरू झाली की बायको मला फक्त टाळ्या वाजवायला सांगते, तोंड उघडू देत नाही. असा मी गेली नऊ वर्षं साकीनाक्याच्या एका गिटार कारखान्यात तपासनीस आहे. माझी सही झाल्याशिवाय तिथून गिटार बाहेर पडत नाही. निदान माझी तशी समजूत होती.

कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड आणि सात माणसं. मालक तावडेशेठ मूळचे कणकवलीकडचे. वडिलांपासून फर्निचरचा धंदा. कॉलेजातल्या पोरांना गिटारचं वेड लागलेलं बघून त्यांनी कपाटं सोडली आणि गिटारी सुरू केल्या. "कपाट काय नि गिटार काय, आतून पोकळच," असं ते म्हणत. "गिटारला दार नसतं म्हणून कटकट कमी." लाकूडही ते जुन्या मोडीतल्या कपाटांचंच वापरत. अस्सल सागवान, त्यामुळे आमच्या नव्या गिटारींनाही डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा.

त्याआधी चौदा वर्षं मी मरोळच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासत होतो. तो बंद पडला. तावडेशेठनी मला विचारलं, "गिटारमधलं काही कळतं?" मी म्हटलं, नाही. "मोजता येतं?" म्हटलं, मिलीमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. "मग ये उद्यापासून. वाजवणारे फुकट मिळतात रे, मोजणारा मिळत नाही."

गिऱ्हाइकं नाना प्रकारची. अंधेरीचा एक कॉलेजकुमार म्हणाला, "वाजवायचीय कोणाला यार? खांद्याला लटकवून कॅन्टीनपर्यंत जायचंय. हलकी द्या." दीड किलोची दिली. आठवड्याने परत आला, तारा काढून मागितल्या; जिना उतरताना आवाज करतात म्हणे. मुलुंडचे एक गृहस्थ मुलासाठी गिटार घ्यायला आले ते लेखी हमी मागायला लागले, की हिच्यामुळे मुलाचे बारावीचे मार्क कमी होणार नाहीत. तावडेशेठ म्हणाले, "लिहून दे रे साटम, कागदाला काय होतंय!" मी दिलं नाही. लांबी, रुंदी, वजन आणि अंतर, एवढ्यावरच मी सही करतो. गृहस्थ गिटार न घेता गेले आणि शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता थोडं धंद्यातलं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सतारीला जसे पडदे असतात तसे गिटारच्या मानेवर धातूचे आडवे तुकडे ठोकलेले असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीचे पडदे सरकवता येतात, हे येत नाहीत. एकदा ठोकले की ठोकले. दोन फ्रेटमधल्या जागेला आम्ही घर म्हणतो. ही घरं सारखी नसतात. डोक्याकडून पोटाकडे जाताना प्रत्येक घर आधीच्यापेक्षा लहान. हिशेब असा: तारेची जेवढी लांबी उरली असेल तिला १७.८१७ ने भागायचं, उत्तर येईल तेवढं पुढचं घर. आमची तार ६४८ मिलीमीटरची, म्हणजे पहिलं घर ३६.४, दुसरं ३४.३, असं कमी कमी होत जातं आणि बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, ३२४ वर येतो. मला संगीतातलं एवढंच कळतं आणि एवढं कळल्यावर बाकीचं कळायची गरज वाटलेली नाही.

प्रत्येक गिटारला हा भागाकार कोण करणार? म्हणून आमच्याकडे एक पितळी पट्टी होती. तिच्यावर बारीक रेघा कोरलेल्या. ती मानेवर ठेवायची, रेघेसमोर खूण करायची, करवतीने खाच पाडायची, फ्रेट ठोकायचा. पट्टी मी स्वतः मरोळच्या जुन्या ओळखीतून कोरून आणली होती.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. करवती, रंधे, पटाशा सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. पाच वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला आमच्या पुंडलिक सुतारांनी ती पितळी पट्टीही पूजेला घेतली. पितळ म्हटल्यावर देवाच्या समईचा जो मान तोच तिचा. चिंच आणि राख लावून त्यांनी ती अशी घासली की पट्टीत तोंड दिसायला लागलं. फक्त सातवी, आठवी आणि नववी रेघ दिसेना. मधला भाग हाताळून आधीच झिजलेला, चिंचेने उरलेलं काम पुरं केलं.

मी त्या आठवड्यात आजारी होतो. पुंडलिकांनी कोणाला विचारलं नाही. सहावी रेघ होती, दहावी रेघ होती. मधल्या जागेचे त्यांनी कंपासने चार सारखे भाग केले आणि तीन नव्या रेघा ओढल्या. कामावर आल्यावर मी नेहमीप्रमाणे मापं घ्यायला लागलो आणि अकरा गिटारींवर मला तोच आकडा चार-चार वेळा मिळाला. २३.६, २३.६, २३.६, २३.६. असायला हवं होतं २५.७, २४.३, २२.९, २१.६.

"पुंडलिकानू, ह्यां काय केलास?" मी विचारलं.

"मदल्यो तीन रेघो गेल्यो, म्हणान चार सारके भाग केलंय," ते अभिमानाने म्हणाले. "सुतार आसंय मी. भाग करूक चुकाचंय नाय."

आणि ते चुकले नव्हतेच. दारं, फळ्या, खण, जन्मभर सगळं सारखं वाटण्यात गेलेला माणूस. गिटार हे एकच लाकडी काम असं आहे की ज्यात सारखं वाटलं की बिघडतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

अकराही गिटारी मी नापास केल्या. वहीत लिहिलं, "मान काढून मोडणे." खाली तावडेशेठनी सही केली, "मोडल्या." विषय संपला. पट्टी नवी आणली आणि ती पूजेला द्यायची नाही अशी सूचना भिंतीवर लावली.

त्यानंतर वर्षाने मुलुंडच्या एका ट्रस्टच्या छोट्या संग्रहालयाचं पत्र आलं. हे संग्रहालय एरवी जुनी नाणी, अडकित्ते, पानदान आणि पेंढा भरलेला एक बिबट्या यांच्यावर चालतं. ते बघणाऱ्या करंदीकरबाई पूर्वी शाळेत इतिहास शिकवायच्या. त्यांनी 'गिटारचा इतिहास' असं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. त्यांना प्रत्येक गिटारसमोर मापांचं कार्ड हवं होतं, तज्ज्ञाच्या सहीचं. बदल्यात आमच्या कारखान्याचं नाव फलकावर लागणार होतं. तावडेशेठनी मला तीन दिवसांची मोकळीक दिली. "जा, मोज. आणि आपल्या नावाची पाटी दाराजवळ लावायला सांग."

मी गेलो तेव्हा बाई बिबट्या सरकवत होत्या. तो हॉलच्या मधोमध असायचा, त्याला आता कोपऱ्यात भिंतीला टेकवला. तिथून तो सगळ्या गिटारींकडे असा बघत बसला, की जणू त्याला वाजवायला सांगणार आहेत.

"तुम्ही तज्ज्ञ ना?" बाईंनी विचारलं.

"मी मोजणारा."

"एकच ते. सही इंग्रजीत करा म्हणजे झालं."

एकूण तेवीस वाद्यं जमवली होती. अरबांकडून ते वाद्य स्पेनला कसं गेलं याचे मोठाले तक्ते होते. त्यातला एक उलटा टांगला होता, त्यामुळे अरब पाय वर करून समुद्र ओलांडत होते. तेवीसपैकी दोन मेंडोलिन होती. मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "राहू देत हो, नातेवाईकच आहेत." मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला काठी लावून केलेली एक होती. मला ती सगळ्यांत प्रामाणिक वाटली, डब्यावर बिस्किटाचं नाव तसंच ठेवलं होतं.

मानाची जागा मात्र एकीलाच होती. काचेची पेटी, खाली लाल मखमल. वांद्र्याच्या गावठाणातल्या पास्कल परेरा यांनी दिलेली. त्यांचे वडील बोटीवर नोकरीला होते, त्यांनी ती लिस्बनहून आणली. रंग जुन्या चहासारखा, खुंट्या हस्तिदंती, डोकं वेगळ्याच नक्षीचं.

"वास घ्या," बाई पेटी उघडून म्हणाल्या. "पाऊणशे वर्षांचा वास आहे."

घेतला. डांबराच्या गोळ्या.

मी पट्टी लावली. सहावा फ्रेट १८९.८. मग व्हर्नियर कॅलिपरने एकेक घर. २३.६. पुढचं घर. २३.६. मी चष्मा पुसला. २३.६. चौथं घर मी खाली बसून मोजलं, तेही २३.६.

"काय झालं? दुर्मिळ आहे ना?" बाईंनी विचारलं.

"अकराच आहेत," मी म्हणालो. बाईंनी ते आनंदाने वहीत लिहून घेतलं.

त्या दिवशी मला दोन गोष्टी एकदम कळल्या. ही गिटार साकीनाक्याची होती. आणि शेठनी ती मोडली नव्हती. दुसरीचा राग मी पुढे ढकलला, कारण पहिलीची सही माझ्याकडून परवा हवी होती. कार्डावर टाईप करून तयार होतं: "निर्मिती: लिस्बन. सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी." खाली मापं आणि त्याखाली माझं नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वांद्र्याला पास्कल अंकलच्या घरी गेलो. सत्तरीचा उंच माणूस, जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये वाजवलेला. पुढच्या ओट्यावर बनियनवर बसला होता. आतल्या खोलीत एक म्हातारी सुपात मिरच्या घेऊन हातानेच चाचपून देठं काढत होती.

"म्युझियमकडून आलोय," मी म्हटलं. "मापांसाठी."

"मापं काल घेतलीस ना? आता काय माझं घेतोस?"

"सहाव्या आणि दहाव्याच्या मध्ये चारही घरं सारखी आहेत."

तो उठला, आतलं दार ओढून घेतलं आणि परत येऊन बसला.

"तू वाजवतोस?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"मोजून."

"च्यायला," तो हळू आवाजात म्हणाला. "मी ही गिटार चर्चच्या फीस्टला वाजवली, तीन लग्नांत वाजवली. एकाला कळलं नाही. आणि तू बहिरा माणूस पट्टी लावून पकडतोस."

मग त्याने सांगितलं. वडिलांची खरी गिटार त्याने एका मित्राला वाजवायला दिली होती. मित्र हॉटेलच्या बँडमध्ये होता, तो आखातात गेला तो गिटारसकट गेला. आत मिरच्या निवडत होती ती त्याची थोरली बहीण. सगळे तिला बाय म्हणत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दर नाताळला ती म्हणायची, बापाची गिटार वाजव. दोन नाताळ त्याने तारा नाहीत म्हणून ढकलले. तिसऱ्याच्या आधी बाजारात एका दुकानात ही दिसली. दुकानदाराने सांगितलं, थोडी खोड आहे. त्याने घेतली, चहाच्या पाण्याने काळी केली, डोकं कापून नवं बसवलं, वाजवली. बाय रडली.

"तेवढ्यावर संपलं असतं रे. पण तुमची ती मास्तरीण गावठाणात जुन्या वस्तू शोधत आली. मी घरी नव्हतो. बायने तिला हातात काढून दिली. आता उद्घाटनाला अर्धं गावठाण येणार आहे. बायला पुढच्या रांगेत खुर्ची ठेवलीय. तुझी सही लागते का त्याच्यावर?"

"लागते."

"त्या मास्तरणीने विचारलं तर सांगशील?"

"विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही."

"मग ती विचारणार नाही असं काहीतरी कर ना."

आतून आवाज आला, "कोण रे पास्कल?"

"म्युझियमचा माणूस, बाय!"

"त्याला सांग, बापाने बोटीतून उतरवताना गादीत गुंडाळून आणली होती. ते पण लिही म्हणावं!"

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती.

"सही नाही केलीत तर?"

"म्हातारीला दोनशे लोकांत कळेल."

"आणि केलीत तर?"

"मी खोटा ठरेन."

"कोणासमोर?"

"माझ्यासमोर."

"म्हणजे एक माणूस. तिकडे दोनशे." तिने चिरलेली भाजी पातेल्यात ढकलली. "मोजा की. मोजण्यात तुम्ही हुशार आहात ना?"

तेवीस वर्षं मी सही करत आलो आहे. मरोळला एकदा माझ्या सहीमुळे एक आख्खी खेप परत आली आणि माझी बढती गेली, तरी मी आकडा बदलला नव्हता. रात्रभर जागलो वगैरे म्हणणार नाही, मला झोप चांगली लागते. पण सकाळी दाढी करताना गाल कापला.

मी बाईंकडे गेलो आणि म्हणालो, दोन बदल केले तर सही करतो. पहिला, "निर्मिती: लिस्बन" च्या आधी "कुटुंबाच्या सांगण्यानुसार" असं टाका.

"का? तुम्हाला शंका आहे?"

"कारखान्यात मी उभा नव्हतो," मी म्हणालो. हे वाक्य मला येताना बसमध्ये सुचलं होतं. आजारपणाच्या त्या आठवड्यात मी कारखान्यात खरंच उभा नव्हतो, त्यामुळे ते खरंही होतं.

"तुम्ही फारच काटेकोर बुवा. आणि दुसरा?"

"सगळ्या फ्रेटची अंतरं छापायची. दहाव्या भागापर्यंत."

"एवढे आकडे वाचणार कोण?"

"कोणी नाही."

"मग कशाला?"

"मोजलेत म्हणून."

त्या कार्डावरचा प्रत्येक शब्द खरा होता आणि आख्खं कार्ड खोटं होतं. मी सही केली. इंग्रजीत.

उद्घाटन रविवारी सकाळी झालं. प्रमुख पाहुणे एक निवृत्त शिक्षणाधिकारी होते. गिटार ही मुळात आपल्याकडूनच परदेशी गेली असं त्यांनी चाळीस मिनिटं सांगितलं, मी घड्याळ लावलं होतं. शाळेची पोरं बिबट्याभोवती जमली होती. बाय पुढच्या रांगेत, अंगावर ठेवणीतलं लुगडं, हात मांडीवर. मग पेटी उघडून गिटार पास्कल अंकलच्या हातात दिली आणि तो वाजवायला लागला.

मला काय वाजवलं ते सांगता येणार नाही. मी त्याचा डावा हात बघत होतो. बोटं सहाव्याच्या खाली उतरली की तो दाबलेली तार किंचित कडेला ओढायचा. दहाव्याच्या पुढे गेला की सरळ. पुंडलिकांचे ते तीन फ्रेट डोक्याकडे सरकलेले, त्यामुळे तिथला सूर उतरतो. तार ओढली की चढतो. सूर मला ऐकू येत नव्हता, पण ओढ दिसत होती. आठव्यावर चूक सगळ्यांत मोठी, २.७ मिलीमीटर, तर आठव्यावर तो सगळ्यांत जास्त ओढत होता. सातव्या-नवव्यावर थोडी कमी. त्या माणसाने पट्टी न लावता माझी सगळी मापं बोटांत घेतली होती.

टाळ्या चालू असताना मागून तावडेशेठचा आवाज आला. ते कार्ड वाचत होते. एवढे आकडे वाचणारा एक माणूस आहे हे मी विसरलो होतो.

"साटम! तेवीस-सहा, तेवीस-सहा... अरे, ही तर आप..."

मी त्यांचा दंड धरला आणि बिबट्याच्या मागे नेलं. मालकाच्या दंडाला मी आयुष्यात पहिल्यांदा हात लावला.

"आपली आहे रे ही!" ते खूश होऊन म्हणाले. "आपला माल काचेत! मखमलीवर! आणि लिस्बनचं नाव लावतात? मी आत्ता माईकवर जाऊन सांगतो. साकीनाका! काय झकास जाहिरात होईल, वेडा झालास काय?"

"सांगा," मी म्हणालो. "तुमच्यानंतर मी माईक घेतो. अकरा गिटारी मोडल्या अशी वहीत तुमची सही आहे. ती मोडलेली गिटार आत्ता कशी वाजली, ते विचारतो."

बिबट्याच्या शेपटीतला थोडा पेंढा बाहेर आला होता, तो शेठ बोटाने आत ढकलत राहिले.

"किती विकल्या?" मी विचारलं.

"आता ते कशाला..."

"किती?"

"अकरा."

"अकराच्या अकरा?"

"मोडायच्या कशाला रे? लाकडाने काय पाप केलंय? त्या म्हातारबाने वाजवली की नाही मस्त? मग! तुझं ते तेवीस-सहा कुणाला ऐकू आलं?"

"तुम्ही गप्प बसा, मी गप्प बसतो," मी म्हणालो. असा सौदा मी जन्मात केला नव्हता. शेठनी इतके केले होते की त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ते पुढे जाऊन बायच्या पाया पडले आणि म्हणाले, "मावशी, काय गिटार आहे तुमच्या बापाची!" बाय म्हणाली, "गादीत गुंडाळून आणली होती हो."

प्रदर्शन संपल्यावर मी पास्कल अंकलला म्हटलं, कारखान्यात आण, तीन फ्रेट काढून जागेवर बसवून देतो. दोन दिवसांचं काम.

"नको," तो म्हणाला. "आता तू बरोबर केलंस तर माझी बोटं चुकतील."

हे मला त्या वेळी फार बरं वाटलं. चूक माझ्या कारखान्याची, पण माणसाने तिला सांभाळून घेतलं, झालं बरं, अशा समजुतीत मी काही महिने काढले. उरलेल्या दहा गिटारींचा मी विचारच केला नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. शेठकडून दुकानांची नावं काढायला मला वर्ष लागलं. दुकानदारांना फारसं आठवत नव्हतं. दहापैकी एक सापडली, बोरिवलीला, एका बँकेतल्या कारकुनाच्या माळ्यावर.

त्याने चाळिशीत हौसेने घेतली होती. क्लास लावला होता. आठ महिन्यांनी सोडलं.

"मला कान नाही हो," तो चहा देत म्हणाला. "मास्तर म्हणायचा, तुमच्या कानात मळ आहे. मी डॉक्टरकडे जाऊन दोन्ही कान धुऊन आलो. तरी सूर उतरलेलाच."

त्याची बायको आतून म्हणाली, "आणि आम्ही सगळे हसायचो!"

मी पट्टी काढून त्याला घरं दाखवली. चारही सारखी. कसं असायला हवं ते कागदावर लिहून दिलं. मग त्याने बायकोला बाहेर बोलावलं आणि म्हणाला, "हे सगळं परत एकदा सांगा. हिच्यासमोर." मी परत सांगितलं. गिटार कारखान्यात नेऊन फ्रेट मी स्वतः उभं राहून बदलून घेतले. तो परत शिकतो आहे की नाही, ते विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

बाय गेल्या मे महिन्यात गेली, म्हणून हे लिहितो आहे. पास्कल अंकलला विचारलं. "लिही," म्हणाला, "पण मला फार म्हातारा दाखवू नकोस." करंदीकरबाईंची मी इथेच माफी मागतो; कार्डावरची माझी सही त्यांनी खोडली तर माझी हरकत नाही. तावडेशेठ दिवाळी अंकातल्या फक्त जाहिराती बघतात, त्यामुळे त्यांची काळजी नाही.

नऊ गिटारी अजून कुठेतरी आहेत. अंधेरी, मुलुंड, इकडेच कुठेतरी, कपाटावर किंवा पलंगाखाली. तुमच्या घरात एखादी असेल, आणि घेणाऱ्याने आपल्याला कान नाही म्हणून ती सोडली असेल, तर एवढं करा. शाळेतली साधी फूटपट्टी घ्या. डोक्याकडून मोजत सहावा फ्रेट गाठा. सहाव्या-सातव्यातलं अंतर घ्या, मग नवव्या-दहाव्यातलं. पहिलं दुसऱ्यापेक्षा चार मिलीमीटरने मोठं हवं. दोन्ही सारखी आली तर कान धुवायला जाऊ नका. गिटार घेऊन साकीनाक्याला या आणि साटम कुठे बसतो विचारा.